टॅबलेटवर लिहायला स्वस्त स्टायलस: घरी करावा की विकत घ्यावा?

कोरीपाटी

टॅबलेट दहा इंची, अँड्रॉइडचा, सोबत पेन न येणारा. काम दोनच प्रकारचं: पीडीएफवर गणितं सोडवणं आणि सर्किटच्या आकृत्या काढणं. चित्रकला नाही, त्यामुळे प्रेशर (दाबानुसार रेघ जाड-बारीक होणं) वगैरे नसलं तरी चालेल.

कापसाची काडी आणि अॅल्युमिनियम फॉइल वापरून केलेला पेन एखादी रेघ सुरेख काढतो आणि पुढची अर्ध्यावर तुटते. बाजारात रबरी टोकाचे पेन दिसतात, तसेच बारीक टोकाचे, चार्ज करावे लागणारे ‘युनिव्हर्सल’ पेनही दिसतात. दिसायला सगळे एकच काम करतात, किमतीत मात्र बराच फरक.

प्रश्न असे:
१. घरगुती पेन मध्येच का बंद पडतो? भरवशाचा करायचा तर कसा?
२. विकतच घ्यायचा तर कुठला, आणि घेण्याआधी काय तपासायचं?
३. लिहिताना तळहात टेकला की भलत्याच रेघा उमटतात, त्यावर उपाय?
४. काचेवर चरे पडतात का?

धारिता

आधी स्क्रीनला नेमकं काय कळतं ते बघू, म्हणजे पेन का अडतो ते आपोआप कळेल.

कपॅसिटिव्ह स्क्रीनच्या काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. एका दिशेच्या पट्ट्यांवर सिग्नल सोडला जातो आणि दुसऱ्या दिशेच्या पट्ट्यांवर तो मोजला जातो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा सिग्नल शरीराकडे वळतो, मोजमाप घटतं आणि कंट्रोलर (हे मोजमाप वाचणारी चिप) तिथे स्पर्श झाला असं धरतो. दाबाचा यात काही संबंध नाही. म्हणून पेनमध्ये दोनच गोष्टी लागतात: टोकापासून तुमच्या हातापर्यंत अखंड वाहक वाट, आणि काचेवर बोटासारखं पसरणारं टोक. जाळीतलं अंतर साधारण ४ ते ५ मिलिमीटर असतं आणि फार लहान ठिपका कंट्रोलर गोंगाट (सिग्नलमधला नको असलेला व्यत्यय) समजून टाकून देतो. त्यामुळे ५ मिलिमीटरपेक्षा कमी जागा व्यापणारं साधं टोक बेभरवशाचं. ६ ते ८ असेल तर उत्तम. पेन्सिलचं शिसं वाहक असूनही तिने लिहिता येत नाही ते याचमुळे.

आता काडीचा पेन. नाकाचा भाग फिरवून निघतो असा रिकामा बॉलपेन घ्या, रिफिल आणि स्प्रिंग काढा. काडीचं एक टोक कापून ती नाकातून अशी बसवा की कापूस आणि साधारण एक सेंटीमीटर काडी बाहेर राहील. हलत असेल तर काडीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घट्ट करा. मग १२ सेंटीमीटर लांब आणि ६ सेंटीमीटर रुंद फॉइल घेऊन कापसाच्या काडीकडच्या निम्म्या भागापासून गुंडाळायला सुरुवात करा आणि बोटं धरतात त्याच्या बरंच वरपर्यंत न्या. पुढचा ५-६ मिलिमीटर कापूस उघडा राहिला पाहिजे. फॉइल कापसावर चिमटीने दाबून बसवा. शेवटी टोकाला पाण्याचा एक थेंब द्या आणि जास्तीचं पाणी टिपून घ्या.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते तीन ठिकाणी.

पहिलं, फॉइल काडीला लागते पण कापसाला नाही. काडी कागदाची किंवा प्लॅस्टिकची असते, वाट तिथेच तुटते. वरून बघून हे कळत नाही, कारण फॉइल कापसाच्या अगदी शेजारी दिसते.

दुसरं, फॉइल सुटू नये म्हणून सगळीकडे सेलोटेप. बोटं धरतात तिथे फॉइल उघडीच हवी. टेप फक्त वरच्या टोकाला, एक वेढा.

तिसरं, कापूस कोरडा पडतो. कोरडा कापूस विसंवाहक आहे. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात म्हणून ओला कापूस पुरेसा वाहक होतो, आणि वाळत आला की रेघ तुटायला लागते. तुमची ‘एक रेघ सुरेख, दुसरी अर्धवट’ ही खूण याच्याशी जुळते. पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळलं तर ओल बराच वेळ टिकते, पण काचेवर चिकट पट्टा राहतो. मीठ घालायचा सल्ला कुठे वाचलात तर सोडून द्या: वाळल्यावर स्फटिक उरतात आणि फॉइल गंजते. उलट बाजूनेही बिघडतं. कापूस चिंब असेल तर मागे थेंब राहतात आणि स्क्रीन त्यांनाही स्पर्श समजते.

टाकाऊतून

धारिता यांनी सांगितलंय ते नेमकं आहे, पण ओल्या कापसाचा पेन म्हणजे तात्पुरती सोय. रोज लिहायचं असेल तर टोक फोमचं करा.

आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) ज्या काळ्या फोममध्ये पाय खोचून येतात तो फोम कार्बनयुक्त आणि वाहक असतो. गुलाबी फोम घेऊ नका. तो स्थिर विद्युत साचू देत नाही एवढंच, या कामासाठी त्याचा रोध फार जास्त. रंगावर भरवसा नसेल तर मल्टिमीटरची टोकं एक सेंटीमीटर अंतरावर खुपसा. काळ्या फोममध्ये किलोओहममध्ये आकडा दिसेल, गुलाबीत मीटर हलणारही नाही.

धारदार ब्लेडने ८ × ८ मिलिमीटर जाडीचा आणि १५ मिलिमीटर लांबीचा तुकडा कापा. कात्रीने कापू नका, फोम चेपतो आणि कडा वाकड्या येतात. पुढचं टोक कडा छाटून गोलसर करा. पेनाची नळी आतून ६ मिलिमीटरच्या आसपास असेल तर तुकडा दाबून बसतो आणि गोंद लागत नाही. गोंद टाळलेलाच बरा, कारण फोमच्या छिद्रांत शिरून तो टोक कडक करतो.

जोडणीसाठी साधारण २० सेंटीमीटर तांब्याची तार घ्या. एका टोकाचं २-३ सेंटीमीटर आवरण सोला, त्याची छोटी गुंडाळी करा आणि ती फोमच्या मागच्या बाजूने आत खुपसा. तारेचं टोक मागे वळवलेलंच असू द्या. सरळ टोक काही दिवसांनी फोम झिजला की पुढून डोकावतं आणि काचेवर ओरखडा काढतं. फोमच्या पुढच्या पृष्ठभागापासून तार निदान ५ मिलिमीटर आत राहिली पाहिजे. उरलेली तार नळीला पाडलेल्या भोकातून बाहेर काढा, तीही सोला आणि पकडीच्या जागी आठ-दहा वेढे द्या. मोटार वाइंडिंगची तार वापरत असाल तर लक्षात ठेवा, तिच्यावर वार्निशचं आवरण असतं. ती तांबूस दिसते म्हणून उघडी आहे असं नाही. सँडपेपरने घासून घ्या.

फोमचे दोष असे: तो झिजतो, काळा भुगा पडतो, आणि काचेवर थोडा घर्षणाने अडतो. टोक बदलायला दोन मिनिटं पुरतात, म्हणून एकदम पाच-सहा तुकडे कापून डबीत ठेवावेत.

याहून गुळगुळीत टोक हवं असेल तर टचस्क्रीनवर चालणाऱ्या जुन्या हातमोज्याच्या बोटाचं कापड बघा. त्यात वाहक धागे असतात. ७ मिलिमीटरच्या साध्या स्पंजच्या गोळीवर ते कापड ताणून बसवायचं आणि धातूच्या नळीवर दोऱ्याने घट्ट बांधायचं. धातूची नळी रंगवलेली असेल तर कापड जिथे बसतं ती कड खरवडून घ्या.

धारिता

@टाकाऊतून, एक भर घालतो. मल्टिमीटर डीसीवर मोजतो, स्क्रीनचा सिग्नल मात्र उच्च वारंवारतेचा असतो. म्हणून पातळ रंग किंवा ऑक्साइडचा थर असलेल्या नळीवर मीटर ‘वाट तुटली’ म्हणतो आणि पेन तरीही चालतो. पातळ थर ओलांडून सिग्नल कपॅसिटरसारखा पलीकडे जातो. मीटरने वाट दाखवली तर जोडणी ठीक आहे. नाही दाखवली तर लगेच पेन मोडू नका, आधी स्क्रीनवर लावून बघा.

कोरीपाटी

दोघांचेही आभार. फॉइल काडीला लागत होती, कापसाला नाही. आता सलग रेघ येते. पण दोन गोष्टी अजून उरल्यात. टॅबलेट हातात धरला की पेन नीट चालतो, टेबलावर ठेवला की अधूनमधून चुकतो. आणि सावकाश काढलेली तिरपी रेघ नागमोडी येते. आडव्या-उभ्या रेघा ठीक असतात.

धारिता

दोन्हींचं कारण पेनमध्ये नाही.

टेबलावर ठेवलेला, बॅटरीवर चालणारा टॅबलेट विद्युतदृष्ट्या तरंगत असतो. पेनमधून वळलेल्या सिग्नलला टॅबलेटकडे परतायला चांगली वाट नसते, म्हणून सिग्नलमधली घट कमी मोजली जाते. हातात धरला की तुमचं शरीर दोन्ही बाजूंना जोडतं. उपाय सोपा: डाव्या हाताची बोटं टॅबलेटच्या कडेला टेकवून ठेवा. मागचा भाग धातूचा असेल तर फरक लगेच दिसतो. जाड कव्हर घातलं असेल तर ते काढून बघा. ‘मग चार्जरला लावला की जमेल’ असं वाटतं, पण तिथे वेगळीच अडचण असते: हलक्या दर्जाच्या चार्जरचा गोंगाट याच सिग्नलमध्ये मिसळतो आणि रेघा थरथरतात किंवा स्पर्श नसताना ठिपके उमटतात. लिहिताना चार्जिंग बंद.

नागमोडी रेघ जाळीमुळे. पेन दोन पट्ट्यांच्या मधे असताना कंट्रोलर जागेचा अंदाज काढतो, आणि तो अंदाज पट्टीच्या अगदी वर आणि मधोमध थोडा वेगवेगळा चुकतो. तिरप्या रेघेत पट्ट्या एकामागून एक ओलांडल्या जातात, म्हणून चूक लाटेसारखी दिसते. महागातला साधा स्टायलस आणला तरी हे जाणार नाही. रेघ जरा वेगाने ओढा, अॅपमध्ये रेघ स्थिर करणारी सोय असेल तर ती चालू करा. सर्किटच्या आकृतीसाठी सरळ रेघेचं साधनच वापरा की.

बदल केल्यावर फरक पडला का हे डोळ्यांनी ठरवू नका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स खुले होतात. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. पेन जाईल तिथे स्क्रीन स्वतः माग दाखवते. माग जिथे तुटतो तिथे संपर्क तुटला. वरच्या पट्टीत एकाच वेळी किती स्पर्श धरले गेले तेही दिसतं, त्यामुळे तळहाताची भानगड कळायलाही हे उपयोगी. सात-आठ तिरप्या रेघा सावकाश ओढायच्या, टोक बदलायचं, पुन्हा ओढायच्या. काम झालं की बंद करा, नाहीतर त्या रेघा डोळ्यांसमोर नाचत राहतात.

स्क्रीनगार्ड जाड असेल तर तोही एक संशयित. काही फोन-टॅबलेटमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवायची सोय असते, ती गार्ड किंवा हातमोज्यासाठी असली तरी साध्या स्टायलसलाही मदत करते.

निबवाला

विकत घ्यायच्या प्रश्नाकडे वळतो, कारण पैसे वाया जातात ते इथेच. पेन निवडण्याआधी टॅबलेटची जात ओळखा. स्क्रीनमागे पेनसाठी वेगळी यंत्रणा आहे का, हा एकच प्रश्न. वैशिष्ट्यांच्या पानावर ‘स्टायलस सपोर्ट’, ‘एस पेन’, ‘यूएसआय’, ‘वॅकॉम’ (ही अशा पेन-यंत्रणांची नावं) यांपैकी काही दिसतं का बघा. विंडोजमध्ये सेटिंग, सिस्टीम, अबाउट इथे ‘पेन अँड टच’ अशी ओळ असते, तिथे पेनचा उल्लेख नसेल तर विषय संपला.

तुमच्या टॅबलेटमध्ये अशी यंत्रणा नाही असं वर्णनावरून दिसतं. म्हणजे तुमच्यापुढे चार पर्याय.

रबरी घुमट. आतून पोकळ, ६-७ मिलिमीटरचा. दाबला की पसरतो, म्हणून रेघ नजरेच्या नेमक्या जागी सुरू होत नाही. काचेवर अडतो, आणि काही काळाने टोकाला चीर पडते. घ्यायचाच तर आट्याने निघणारं, वेगळं मिळणारं टोक असलेला घ्या. चिकटवलेल्या टोकाचा पेन टोकाबरोबरच जातो.

जाळीदार कापडाचं टोक. त्याच आकाराचं, पण कमी दाबात चालतं आणि सरकतं छान. वर ‘टाकाऊतून’ यांनी सांगितलेल्या कापडाच्या टोकाचीच ही तयार आवृत्ती. साध्या पेनांत माझी पसंती याला. फोमचा घरगुती पेन आणि रबरी घुमट यांत घरगुती पेनच वरचढ ठरतो, हेही सांगून टाकतो.

पारदर्शक चकतीचं टोक. आकृत्यांसाठी हाच उपयोगी. चकतीच्या मध्यातून टोक दिसतं, म्हणून रेघ हवी तिथेच सुरू होते. पण चकती आणि काच यांच्यामध्ये धूळ अडकते, पेन फार तिरका धरला की चकतीची एक बाजू उचलली जाते आणि रेघ तुटते. काचेवर टकटक आवाजही येतो. सरळ धरून लिहायची सवय असेल तरच घ्या.

चौथा, बारीक टोकाचा ‘युनिव्हर्सल’ पेन. टोक दीड मिलिमीटरच्या आसपास, आत बॅटरी आणि छोटं सर्किट. पेन स्वतःच सिग्नल सोडतो, त्यामुळे बारीक टोक स्क्रीनला बोटाएवढं ‘दिसतं’. टोक दिसतं हा मोठा फायदा, पण त्यावरून बाकीची जादू गृहीत धरू नका. टॅबलेटच्या लेखी ते बोटच: प्रेशर नाही, तळहात वेगळा ओळखला जात नाही, तिरप्या रेघेची लाट कायम. शिवाय काही उपकरणांवर हे पेन अजिबात चालत नाहीत. म्हणून तुमच्याच टॅबलेटवर लावून बघता आलं तर बघा, नाहीतर परत करायची सोय असेल तिथूनच घ्या. फक्त गणितं लिहायची असतील तर यासाठी जास्तीचे पैसे मोजणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

जाहिरातीत ‘पाम रिजेक्शन’ (टेकलेला तळहात वगळणं) लिहिलेला पेन दिसला तर तो बहुधा आयपॅडसाठीचा असतो. २०१८ आणि त्यानंतरच्या आयपॅडांवर चालणारे दुसऱ्या कंपन्यांचे पेन तळहात वगळतात, बहुतेकांत तिरकेपणाही कळतो, प्रेशर मात्र सहसा नसतं. तेच पेन अँड्रॉइडवर किंवा आयफोनवर निर्जीव काडीसारखे. सारखेच दिसत असल्यामुळे ही गफलत फार होते.

कोरीपाटी

हे वाचून जाळीदार टोकाचा घ्यायचं ठरतंय, तोवर फोमचा. तळहाताचा प्रश्न राहिलाच पण. अॅपमध्ये ‘फक्त स्टायलस’ असा पर्याय आहे, तो निवडला की पेनही चालत नाही.

निबवाला

बरोबर, कारण अॅपला पेन बोट म्हणूनच कळतोय. तो पर्याय खऱ्या अॅक्टिव्ह पेनसाठी, म्हणजे ज्याच्यासाठी टॅबलेटमध्ये वेगळी यंत्रणा असते त्या पेनसाठी. तुम्ही तो बंदच ठेवा आणि अॅपमध्ये मनगटासाठी राखीव भाग किंवा झूम खिडकी आहे का बघा. झूम खिडकी सर्वांत कामाची: खाली मोठ्या अक्षरात लिहायचं, वर पानावर ते लहान होऊन बसतं. ७ मिलिमीटरच्या टोकाने घातांक आणि पायांक लिहायचा दुसरा चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

हाताखाली कागद ठेवून भागत नाही. स्क्रीन पातळ विसंवाहकातूनही हात ओळखते. कोरड्या सुती कापडाची ४-५ मिलिमीटर जाड घडी ठेवा. घामाने ओली झाली की बदला, ओली घडी स्वतःच स्पर्श ठरते. चित्रकारांचे दोन बोटांचे पातळ मोजे मुख्यतः घर्षण कमी करायला असतात, त्यांच्यावर यासाठी विसंबू नका.

टाकाऊतून

चऱ्यांबद्दल: फोम, रबर किंवा कापूस काचेला चरे पाडत नाहीत, त्यात रुतलेली वाळू पाडते. कठीणपणाच्या ‘मोह्स’ मापावर वाळूतला क्वार्ट्झ ७, काच त्याच्या थोडी खाली. म्हणून लिहिण्याआधी काच पुसा, टोक बोटावर फिरवून कण लागतो का बघा, आणि पेन टेबलावर टोक खाली करून टाकू नका. उघड्या फॉइलचं चुरगळलेलं टोक करून लिहायचा प्रकार तर नकोच, संपर्क अनियमित आणि कडा टोकदार. प्लॅस्टिकचा स्क्रीनगार्ड काचेपेक्षा खूप लवकर चरतो, पण तो बदलता येतो.

जुनीनोट

धागा वाचला. माझ्याकडे सॅमसंगचा जुना गॅलक्सी नोट फोन आहे, पेन हरवलाय. फोमचा पेन चालेल ना?

निबवाला

चालेल, पण बोटासारखा. नोट मालिकेत पहिल्या, २०११ च्या फोनपासून वॅकॉमची विद्युतचुंबकीय यंत्रणा (ईएमआर) आहे. स्क्रीनमागचा थर चुंबकीय क्षेत्र सोडतो आणि पेनमधली तारेची गुंडाळी त्याला प्रतिसाद देते. लिहिण्यासाठी पेनला बॅटरी लागत नाही, हाताशी जोडणीही लागत नाही. त्यामुळे हा पेन घरी फॉइलने करता येणार नाही, पण दुसऱ्या उपकरणाचा पेन चालू शकतो. वॅकॉम ईएमआर असं लिहिलेला पेन बघा, स्टेडलर आणि लॅमी यांचेही आहेत. प्रेशर, हवेतला कर्सर (पेन काचेला न टेकताही दिसणारा) आणि तळहात वगळणं सगळं मिळेल, फक्त बटण वेगळं वागू शकतं. जाडी जास्त असेल तर तो फोनच्या खाचेत मावणार नाही, वेगळा सांभाळावा लागेल. जुनाच पेन मिळाला तर निब झिजलेली आहे का बघा. एका बाजूने सपाट झालेली निब चिमट्याने ओढून बदलता येते.

हाच नियम सॅमसंगच्या घडीच्या ‘फोल्ड’ फोनला लावू नका. फोल्ड ३ ते ५ साठी सॅमसंगचा वेगळा ‘फोल्ड एडिशन’ पेन येतो. नेहमीचा पेन तिथे चालत नाही, आणि घडीच्या मऊ स्क्रीनला इजा होऊ शकते ते वेगळंच.